ऑस्ट्रियाचं सुतक

हरले की मी चिडते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. निरगुडसरच्या शाळेत मुलांना सांगते की खेळात हारजीत चालायचीच, आणि घरी येऊन फोनवर कुणीतरी माझं म्युनिक घेतलेलं दिसलं की भांडी आपटते. नवरा आता विचारतही नाही. भांड्यांच्या आवाजावरून त्याला कळतं की बाईची एखादी फौज कामी आली, आणि तो गुपचूप चहा ठेवतो.

हा खेळ आम्ही सात जण खेळतो. जुन्नरला एका वर्गात शिकलो, मग जो तो आपापल्या वाटेनं गेला. माझं माहेर निमगाव सावा, सासर इकडं निरगुडसरला. एक जण पुण्यात कंपनीत लागला, खेळ त्यानंच शोधून आणला. एकाचं मंचरला साड्यांचं दुकान आहे. त्याची माणसं कैक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आली. त्याला आम्ही शेठ म्हणतो. आणि एक डिंगोऱ्यात शेती करतो, टोमॅटो, कांदा आणि चार गाई. बाकीचे तिघे बरे खेळतात, पण या गोष्टीत त्यांचं फारसं काम नाही.

खेळ म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपचा नकाशा. सात देश, माणशी एक. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला बोल लावायची सोय नाही. रोज एक चाल गुपचूप लिहून ठेवायची, मग सगळ्यांच्या चाली एकदम उघडतात. गोम अशी की एकट्याच्या बळावर कुणालाच फार काही जिंकता येत नाही, शेजाऱ्याचा पाठिंबा लागतो. म्हणून दिवसभर एकमेकांना निरोप पाठवायचे, गोड बोलायचं, वचनं द्यायची. वचन पाळलंच पाहिजे असा मात्र नियम नाही. पुणेकरानं हे सगळं समजावलं तेव्हा शेठ म्हणाला, "म्हणजे आपली सोसायटीची निवडणूकच की राव."

चाली उघडायची वेळ पुणेकरानं आधी संध्याकाळी सहाची ठेवली होती. डिंगोऱ्याहून लगेच निरोप आला, "सहाला धार काढायची असती. डेअरीला दूध घालून आल्यावर ठिवा." वेळ बदलली. चाल चुकली तर माफी नाही, हाही नियम होता, पण त्याला एक अपवाद करावा लागला. "बिबट्या मोटरीपाशी बसला व्हता, आन् फोन राहिला तिकडं खोलीत" हे कारण आम्ही दोनदा मान्य केलं. तिसऱ्यांदा पुणेकरानं बिबट्याचा फोटो मागितला.

शेठ आमच्यात सगळ्यात गोड बोलणारा, आणि केसानं गळा कापणारही तोच. पण जैनांचा क्षमा मागायचा दिवस, संवत्सरी, आली की प्रत्येकाला त्याचा वेगळा निरोप येतो: मिच्छामि दुक्कडम्, वॉर्सा घेतलं त्याबद्दल, रुमानियात फसवलं त्याबद्दल. एकही दगा विसरलेला नसतो. आपलं मन भरून येतं. आणि दोन दिवसांत त्याचं आरमार पुन्हा आपल्या दारात उभं असतं.

डिंगोऱ्याचा मित्र मुळात अबोल. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजायचा. पण खेळातले त्याचे निरोप वाचत राहावेत असे असायचे. रशियाकडं गॅलिशिया मागायचं असलं तरी सुरुवात ठरलेली: "पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" मग घरच्यांची चौकशी, मग जनावरांची, आणि अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं, मुद्द्याचं. हा एवढा बोलका कधी झाला, याचं आम्हाला काही दिवस नवल वाटलं. मग कळलं की ते शब्द त्याच्या थोरल्या भावाचे. गोठ्यात दादा धार काढायचे, हा शेजारी फोन धरून बसायचा, आणि ते गाईच्या पलीकडून सांगतील ते लिहायचा.

त्यांच्या घरात सगळीकडं हीच वाटणी होती. हा राबायचा आणि दादा बोलायचे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव असो, सोयरीक असो की बांधाचा तंटा असो, तोंड दादांचं. एकाच्या जागी दोन डोकी खेळणं नियमात बसत नव्हतं, पण कुणी तक्रार केली नाही, कारण त्या निरोपांची आम्ही वाटच बघायचो. एकदा तर दादांनी फोन हातात घेऊन मलाच सांगितलं, "बाई, इटली सोडा. तिथं काय पिकतंय?"

गेल्या पावसाळ्यात दादा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि गाडी आळेफाट्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. दहाव्याला आम्ही सगळे गेलो. त्यानं आमच्याकडं बघून नुसती मान हलवली.

खेळ बंद पडला. थंडीच्या दिवसांत डिंगोऱ्याहून त्याच्या बायकोचा मला फोन आला.

"ताई, तुमचा त्यो खेळ परत चालू करा की," ती म्हणाली. "हे घरात बोलत न्हाईत, बाजारात बोलत न्हाईत. व्यापारी सांगल त्या भावानं माल देऊन येत्यात. विचारलं तर म्हणत्यात, बोलणारा गेला."

आम्ही खेळ चालू केला. चिठ्ठ्यांत त्याला ऑस्ट्रिया आला. ऑस्ट्रिया म्हणजे भर चौकातलं घर, चारी बाजूंनी शेजारी. बहुतेक डावांत तोच आधी मरतो. शेठला तुर्कस्तान, पुणेकराला रशिया, आणि मला त्याच्या अगदी कुंपणाला लागून इटली.

आणि त्याच्यावर कुणी गेलंच नाही. तसं काही ठरलं नव्हतं, जो तो आपल्या मनानंच थांबला. आमच्याकडं ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराशी वर्षभर कुणी भांडण काढत नाही. बांधाचा वाद कितीही पेटलेला असला तरी वर्षश्राद्ध होईपर्यंत माणसं दम धरतात. ते अंगात इतकं मुरलेलं, की युरोप जिंकायला बसलो तरी सुटलं नाही. शेठचं आरमार लांबच्या समुद्रातून वळसा घालून गेलं. रशियानं उत्तरेची वाट धरली. मी ऑस्ट्रियाला पाठ करून फ्रान्सशी डोकं फोडत बसले. सगळा नकाशा धडाधडा पेटलेला आणि मधोमध ऑस्ट्रिया गार. पुणेकर वैतागला. "असा युरोप कुठं असतो का? आपण ऑस्ट्रियाचं सुतक पाळतोय!" म्हणाला, आणि त्यानंही सुतक पाळलं.

त्याची उत्तरं एका शब्दाची यायची. "बरं." नाहीतर "चालंल."

त्याच्या बायकोनं पुन्हा फोन केला. बोलायला लागले का, विचारलं. मी तिला 'बरं' आणि 'चालंल' वाचून दाखवलं.

"समदी लई जपत्यात ताई त्यास्नी," ती म्हणाली. "भावकी जपती, गाव जपतं. पोरं मोठ्यानं बोलत न्हाईत. माझ्याशी बी भांडत न्हाईत ते. आपल्याच घरात पावणं आल्यावाणी बसून असत्यात."

फोन ठेवला आणि मला राग आला, आमचा सगळ्यांचाच. दुखवट्याच्या घरात गोडधोड आपण होऊन कुणी रांधत नाही. गोडाचा पहिला घास बाहेरच्यानं आणायचा आणि भरवायचा, तोवर घराचं तोंड कडूच. आणि 'भरवू का?' असं कुणी विचारत नाही, कारण विचारलं की माणूस नकोच म्हणतो. माझे वडील गेले तेव्हा मामींनी माझी हनुवटी धरून घास तोंडात कोंबला होता. मी त्यांच्यावर ओरडले होते, आणि ओरडता ओरडता गिळला होता. आम्ही मात्र सहाजण सहा दिशांना ताटं घेऊन उभे, आणि भांडणाचा पहिला घास भरवायला पुढं कुणी होईना.

दुसऱ्या दिवशी मी चाल लिहिली: व्हेनिसची फौज ट्रिएस्टवर. ट्रिएस्ट त्याचं बंदर, त्यानं माझ्या भरवशावर मोकळं सोडलेलं. फक्त शेठला सांगितलं.

"मॅडम, नका," तो म्हणाला. "पाप लागेल. वर्ष तरी होऊ द्या."

"वर्षात तो मुका होईल."

"अन् त्यानं खेळच सोडला तर? कायमचा?"

ती भीती मलाही होती. 'बरं' तर 'बरं', पण तेवढाच एक धागा आमच्या हातात होता, आणि तोच मी ओढणार होते.

"तुझ्यासारखी संवत्सरीला माफी मागीन," मी म्हटलं.

सकाळी त्याला रोजच्यासारखाच निरोप पाठवला, "तुझ्या बाजूला येत नाही. निर्धास्त राहा." त्याचं उत्तर आलं, "बरं." दिवसभर माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. फळ्यावर एक सोपा अपूर्णांक चुकवला आणि पोरांनी तो आनंदानं दाखवून दिला.

चाली उघडल्या. ट्रिएस्ट माझं झालं. फोन पुढ्यात ठेवून मी बसले. ताट वाढलेलं होतं, भात गार होत होता. फोन वाजेना. शेठचं ऐकायला हवं होतं, असं वाटू लागलं.

मग वाजला.

"अगं ए बाये!" एवढा मोठा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. "सकाळी म्हणतीस निर्धास्त ऱ्हा, आन् सांजच्याला घरात घुसतीस व्हय गं?"

"घुसले," मी म्हटलं. "काय करशील?"

"काय करीन? थांब तू. तुझी इटली समुद्रात बुडवली न्हाई तर..." मागं गाय हंबरली. मग आवाज एकदम खाली आला. "दादा म्हणला व्हता मला. मास्तरणीवर इस्वास ठिवू नको म्हणला व्हता."

दादा गेल्यापासून त्यांचं नाव त्यानं पहिल्यांदा काढलं. मग तो रडला, पुष्कळ वेळ, आणि इकडं मीही रडले. नवऱ्यानं गार भाताचं ताट उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला त्याला आलेला एक निरोप पुढं पाठवला. फेब्रुवारीचं कडक ऊन, आकाशात ढगाचं नाव नाही, आणि निरोप होता, "पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" पुढं लग्नसराईला गिऱ्हाईक कसं आहे, पोराच्या परीक्षा कधी आहेत, आणि शेवटी, इटलीच्या दक्षिणेला तेवढं आरमार आणून उभं करता का. पुणेकरालाही तसाच आला होता. मला सोडून सगळ्यांना आला होता. शेठनं आजवर कुणी मागितलं म्हणून काही दिलेलं नाही, पण त्यानं आरमार हलवलं. "नाही म्हणवेना, मॅडम," त्यानं लिहिलं. "दोघं भाऊ मिळून बोलतायत असं वाटलं."

पुढं माझे हाल कुत्रं खाईना. ट्रिएस्ट गेलं, व्हेनिस गेलं, रोम गेलं. मध्येच त्याच्या बायकोचा फोन आला, आणि ती चक्क हसत होती. "ताई, हे आज बाजारात भांडून आले. भाव पटला न्हाई म्हणून टोमॅटोची कॅरेटं परत गाडीत भरत व्हते. व्यापाऱ्यानं हात धरला तवा थांबले."

शेवटी माझ्याकडं एकटं नेपल्स उरलं. शाळेतून आले तर निरोप आलेला होता. त्यानं आपण होऊन पाठवलेला, या डावात मला पहिल्यांदाच.

"पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?"

मी वाचत गेले. सासूबाईंचा गुडघा कसा आहे. निमगावला आंब्याला मोहर कसा आहे. आणि अगदी शेवटी, "बाई, नेपल्स सोडा. तिथं काय पिकतंय?"

"सोडलं," मी लिहिलं.

त्या संध्याकाळी इटली नकाशावरून पुसली गेली. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. नवरा सावधपणे दारात येऊन उभा राहिला.

"आज भांडी वाजली नाहीत," तो म्हणाला. "जिंकलीस वाटतं?"

"हरले," मी म्हटलं. "पार हरले." आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.