तिसऱ्या घरचं टपाल

भारताचं टपालखातं दिल्लीतून चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मोठेबाबांना पाहिलेलं नाही. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त शिक्षक. समुद्रपूरहून गिरडकडे जाताना आमचं लहानसं गाव लागतं, तिथे ते आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात आणि तेवढ्या अंतरावरूनही आम्हाला पोस्टकार्ड पाठवतात. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, मोबाइलवर लिहिलेलं बोटाच्या धक्क्यानं पुसलं जातं, म्हणून महत्त्वाचं ते कार्डावर, असा त्यांचा नियम. महत्त्वाच्या गोष्टींत आमच्या दाराला लागलेली वाळवी, माझ्या भावाचं गणित आणि 'काल वरणात मीठ नव्हते' हे सगळं येतं. हे मिठाचं कार्ड खुद्द त्यांच्या बायकोच्या, आमच्या मोठ्याईच्या नावे, त्यांच्याच घरी आलं होतं. ते हातात धरून ती ओरडली, "एका चुलीवरचं खाता अन् मिठासाठी सरकारले कामाले लावता? काही लाज?" मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "उत्तर लेखी दे."

माणसाची ओळख झाली की ते नावाआधी पिनकोड विचारतात. माझ्या चुलतबहिणीला पाहायला आलेल्या मुलाला तो सांगता आला नाही, तेव्हा पाहुणे गेल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "नोकरी हाय, गाडी हाय, पण पोराले स्वतःचा पत्ता पुरा येत नाई. याच्या हाती पोरगी काऊन द्याची?" कुणाच्या घरी आजारपण असो, परीक्षेचा निकाल असो की गाय व्यालेली असो, चौकशीचं कार्ड जायचंच, आणि कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता पिनकोडसकट असायचाच. गावानं ती कार्डं फडताळात, आरशामागे जपून ठेवली. उत्तर मात्र कुणीही दिलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्यावर तर त्यांचे उपकार सगळ्यांत जास्त. दरवर्षी दसऱ्याला ते दीक्षाभूमीवरून पिशवीभर पत्रकं आणत. हातात एकही देत नसत. आठवड्याला एक, अशी पाकिटात घालून टपालानं पाठवत, वर 'आयुष्मती' आणि माझं नाव, खाली 'इयत्ता चौथी'. आपल्या नावानं टपाल येतं हे कळल्यापासून मी घरात कुणाचं ऐकेनाशी झाले. अन्यायावर चिडायचं असतं आणि चिडून नीट वाक्यात लिहायचं असतं, हे मला त्या पाकिटांनी शिकवलं.

यंदा बातमी आली की गावची टपाल शाखा सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात हलवण्याचा विचार आहे. पंधरा दिवस टपाल मोजतील आणि मग ठरवतील. आमची शाखा म्हणजे टपाल सांभाळणाऱ्या सुनंदाताईंच्या घरची पुढची खोली, एक टेबल, एक शिक्का आणि अंगठा लावायचं यंत्र. ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी ताई ते यंत्र घेऊन जातात आणि पेन्शन तिथेच हाती पडते. शाखा गेली की या म्हाताऱ्यांनी एसटीच्या पायऱ्या चढायच्या. मी पेटले. सात मागण्या आणि अकरा उद्गारचिन्हांचं पत्रक काढलं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, दारोदार वाटलं, एक मोठेबाबांच्या हातात कोंबलं. दोन दिवसांनी ते टपालानं परत आलं. समासात लिहिलं होतं: 'पत्रक हस्ते मिळाले. विषय टपाल वाचवण्याचा असल्याने कृपया टपालाने पाठवावे.'

त्याहून मोठा धक्का पुढे होता. मोजणी सुरू झाली त्या दिवसापासून मोठेबाबांनी लिहिणं बंद केलं. मी भांडायलाच गेले.

"आताच तर लिहायचं! रोज पन्नास टाका!"

"अन् कागदावर काय येईन? एका म्हाताऱ्याच्या छंदासाठी खोली चालू हाय. ते माह्यं टपाल झालं, बाई. गावाचं नाई."

"मग गावाचं कुठून आणायचं?"

ते उठले, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि काठी टेकत घरोघरी निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "ज्याले उत्तर द्याचं राह्यलं, त्याले लिहा."

गावानं मान दिला, कार्डं घेतली. अडचण वेगळीच झाली. सगळ्यांकडे सगळ्यांचे फोन नंबर होते, पत्ता कुणाचाच नव्हता. पिनकोडसकट पुरा पत्ता प्रत्येक घरात एकाच माणसाचा होता, आरशामागे, कार्डाच्या कोपऱ्यात. आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं तेही त्यालाच. चार दिवसांत पेटी भरली. मोजणीला आलेल्या साहेबांनी गठ्ठा सोडला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ताई, सगळी एकाच पत्त्यावर? हे ठरवून केलेलं दिसतं."

मोठेबाबांना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वरचंच कार्ड मोठ्यानं वाचलं. 'गुरुजी, पोरीचा ताप उतरला का म्हणून तुम्ही विचारलं होतं. उतरला. आता ती सेवाग्रामले नर्स हाय. तिलेही दोन लेकरं झाली.' दुसरं त्यांनी न वाचताच साहेबांपुढे सरकवलं.

साहेबांनी हळूच विचारलं, "एवढ्या लोकांनी तुम्हाला एकदम कसं लिहिलं?"

"एकदम नाई, साहेब," मोठेबाबा म्हणाले. "उशिरा."

साहेबांनी सगळी कार्डं मोजून वहीत नोंदली. शाखा तूर्त जागेवर आहे. 'तूर्त' या शब्दावर मी दुसरं पत्रक लिहिलंय आणि ते टपालानंच पाठवलंय. मोठेबाबा आता उत्तरांना उत्तरं लिहितात. वयामुळे दिवसाला दोनच कार्डं होतात. त्या गठ्ठ्यात माझंही एक होतं, एका ओळीचं: 'चौथीपासूनची सगळी पाकिटं मिळाली.' मी एकदा उत्तराची घाई केली, तर म्हणाले, "तुह्या नंबर शेवटचा. तू जवळ राह्यते."

रोज अकराच्या सुमारास सुनंदाताईंची सायकल गल्लीत वळते. मी दारात उभी असते. तिसऱ्या घरी थांबून त्या पुढे येतात आणि मान हलवतात, आज नाही. मी हसून आत जाते. नंबर लवकर लागू नये, असंच मला वाटत असतं.