जनरेटरवरचा मुहूर्त

काळ कुणासाठी थांबत नाही, असं म्हणतात. मी बनवलेल्या घड्याळातला काळ वीज गेली की थांबतो आणि आली की शून्यापासून सुरू होतो.

हे घड्याळ निक्सी नळ्यांचं. काचेच्या बोटभर नळीत तारेचे दहा आकडे एकामागे एक उभे असतात. ज्याची पाळी येईल तो निखाऱ्यासारखा पेटतो. सहा जुन्या रशियन नळ्या जमवताना माझी दमछाक झाली होती. दादानं ते पाहिलं आणि मुलीच्या लग्नाचा मुहूर्त यावरच पाहायचं ठरवून टाकलं.

"वीज गेली तर?" मी विचारलं.

"गुरुग्राम आहे बाबा, जाणारच. म्हणून सकाळपासून जनरेटरच लावतोय."

घड्याळ मांडीवर घेऊन कॅबनं हॉलवर गेलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते दोन्ही हातांनी उचलून धरत होतो. स्टेजवर लावलं, मोबाइलशी जुळवलं. तासाभरानं पाहतो तर दोन मिनिटं पुढे. माझं घड्याळ विजेची स्पंदनं मोजून चालतं, आणि जनरेटर जरा जास्तच उत्साहात होता. जुळवायची बटणं मागे; तिथे डेकोरेटरनं झेंडू लावलेला. ओल्या फुलांत हात घालून नळ्यांना लागणाऱ्या पावणेदोनशे व्होल्टजवळ जायचा धीर होईना.

"दादा, घड्याळ पुढे जातंय."

"जाऊ दे की! आपल्या घरात दुसरं काय पुढे जातं?"

गुरुजींना गाठलं. "मी मोबाइलवर बघतो हो," ते म्हणाले. "तुमचं फोटोपुरतं."

पण अंतरपाट धरलेले दोघे मामा माझ्याच घड्याळाकडे टक लावून होते. मुंडावळ्यांआडून पुतणीही. दादाची एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न माझ्या आकड्यांमुळे भलत्याच वेळी लागणार. माझ्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या.

तिसरं मंगलाष्टक चालू होतं. डिझेल वाचवायला हॉलच्या मॅनेजरनं जनरेटर बंद केला. "लाइट आ गई जी!" दिवे एकदा मिचकावले, आणि सहाही नळ्यांवर शून्य.

मग वरपक्षाकडून कुणीतरी ओरडलं, "ज़ीरो हो गया! चलो, चलो!"

उलटी मोजणीच संपली असावी, असा सगळ्यांचा समज झाला. अक्षता उडाल्या, मामांनी अंतरपाट सोडला, बँड सुटला. गुरुजींनी मोबाइल पाहिला, खिशात टाकला आणि उरलेल्या मंगलाष्टकांवरून उडी मारून थेट शेवटच्या "सावधान"वर आले.

मुहूर्ताला अजून चार मिनिटं होती. अल्बमच्या पहिल्या पानावरच्या फोटोत लग्न शून्य वाजून शून्य मिनिटं आणि तीन सेकंदांनी लागलेलं आहे.