पाढे म्हणत धावणं

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आमच्या लालबागच्या गल्लीत धावण्याचा एकच अर्थ होता: पोलीस आले. कोणी पळताना दिसलं की का, कुठे, कोणी विचारत नसे. दुकानांच्या फळ्या लागत, दारं बंद होत. माझी आठ वर्षांची मुलगी अशाच एका पळापळीत माणसांच्या पायांखाली सापडली. गुडघा बरा झाला, पण धावणं सुटलं. लपाछपीतसुद्धा ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. ते बघून माझं डोकं फिरायचं. सभांना मी जात होते, घोषणा देऊन घसा बसवून घेत होते. पण राज्य मिळेल तेव्हा मिळेल, पोरीचे पाय मला आत्ता परत हवे होते.

एका रविवारी सकाळी चाळीतली पोरं खाली गोळा केली. सगळी अनवाणी, म्हणून आधी सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्यांच्या काचा मीच झाडून काढल्या. न्याहारी धावून आल्यावर, असं बजावलं आणि पोरं सोडली. माझी मात्र माझा हात धरून उभी.

पोरं कोपऱ्यापर्यंत पोचली नाहीत तोच मसाला कुटायचा डंक थांबला. धडाधड फळ्या लागल्या. वरून सासूबाई ओरडल्या, "पोरांका घरात घे गो! गोळीबार झालो!"

"कसला गोळीबार? मीच सोडलीत पोरं!" मी खालून ओरडले.

डंकवाला घाम पुसत बाहेर आला. "वहिनी, धावू द्या की. पण पोरं खेळतायत का जीव घेऊन पळतायत, ते आम्हाला कळायला नको?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. आठवडाभर भांडी आपटली. पण उपाय सापडला. पुढच्या रविवारी पोरांना म्हटलं, "मोठ्याने पाढे म्हणत धावायचं. दम लागून पाढा अडला की चालायचं. दम खाऊन झाला की पुन्हा धावायचं." लाठीच्या भीतीने पळणारं माणूस काही पाढे म्हणत नाही.

बे एके बे करत पोरं गल्लीत फेऱ्या मारायला लागली; माझी याही वेळी माझा हात धरून उभी. एक फळी लागली नाही. डंक चालूच राहिला. बायका गॅलरीत येऊन हसायला लागल्या. सातचा पाढा आला आणि पुढची पोरं बिनदिक्कत ओरडली, "सात सत्ते सत्तेचाळीस!"

"एकोणपन्नास!" माझी मुलगी किंचाळली. पाढ्यातली चूक तिला खपायची नाही; हा स्वभाव माझाच. पण ऐकतंय कोण? पोरं पुढे गेली होती.

तिने माझा हात झटकला आणि धावत सुटली. वेण्या उडवत, "एकोणपन्नास रे, एकोणपन्नास!" करत तिने सगळ्यांना गाठलं, मागे टाकलं, आणि तरी थांबली नाही.

मी पदर खोचला आणि भर गल्लीत, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, तिच्या मागे धावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी गळा फाडून ओरडत होते, "सात अठ्ठे छप्पन्न!"