वडनेरच्या बहादूरचा दाखला

वडनेर भोलजीला कुणी फिरायला जात नाही. माझं गाव नसतं तर मीही गेलो नसतो. पण हिवाळ्यात सलीमभाईचा फोन आला. सलीमभाई माझा शाळासोबती, गावात हार्डवेअरचं दुकान चालवतो. नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत तो पडत नाही.

"काऊन बे, पुन्याले जाऊन गाव इसरला का? बहादूर लय सिरीयस हाये. ये लवकर."

बहादूर म्हणजे आमच्या बाजारओळीचा नेपाळी गुरखा. मी चड्डीत फिरायचो तेव्हापासून शिट्टी फुंकत दुकानं राखणारा. त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती. अकोल्याला सरकारी योजनेतून ऑपरेशन फुकट होणार होतं, पण इथला रहिवासी असल्याचा दाखला हवा. ग्रामसेवक देईना. योजनेसाठी बाहेरच्यांना दाखले दिले की हल्ली चौकशी लागते, म्हणून तो बिचकला होता. नांदुऱ्याच्या तहसिलात मॅडम म्हणाल्या, गावातली जुनी माणसं आणा, ऐकून घेते. आता मी कुठला एवढा जुना! पण निघालो.

जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: नांदुऱ्याला थांबणारी गाडी बघूनच तिकीट काढा. मी शहाणा, न थांबणारी पकडली आणि शेगावपर्यंत जाऊन एसटीनं मागे आलो. फायदा एवढाच की शेगावची गरम कचोरी मिळाली. नांदुऱ्याहून वडनेरला शेअर ऑटो सारख्या सुटतात, भाडं किरकोळ. हायवेवरचा उंचच्या उंच मारुती लांबूनच दिसतो. दोन्ही बाजूंना तूर आणि फुटलेला कापूस. हवा अशी छान की आपण कशासाठी आलोय तेच विसरायला व्हावं. वडनेरात लॉज शोधू नका. मी सलीमभाईकडे उतरलो, वहिनींनी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसिलात गेलो. सलीमभाई, मी आणि वामनकाका, म्हणजे गावातले मोठे शेतकरी, जुन्या काळचे. बहादूर खाकी ड्रेस इस्त्री करून आला होता. दहा पावलं चालला की धापा टाकायचा. त्याची बायको माया, तीही नेपाळचीच, पदरानं त्याला वारा घालत होती. "आता होईन ना हो भाऊ काम?" तिनं मला विचारलं. बोली अस्सल वऱ्हाडी. मी म्हणालो, होणारच. कशाच्या जोरावर म्हणालो कोण जाणे.

नायब तहसीलदार मॅडम तरुण होत्या, वागायला चांगल्या. बहादूरला त्यांनी आधी खुर्ची दिली. मग काकांना विचारलं, "हे कधीपासून आहेत गावात?"

काका जोशात. "अवो, माह्या लग्नात मांडव यानंच राखला!"

"लग्न कधी झालं तुमचं?"

काकांनी साल सांगितलं. मॅडमनी बहादूरचं नेपाळचं ओळखपत्र पाहिलं, काकांकडे पाहिलं. "काका, तेव्हा हे पाळण्यात असतील."

सलीमभाईला हसू फुटलं. बहादूर मात्र खाली बघत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तो बहादूर अलग होता. माह्याच गावचा. म्हतारा झाला तं मुलुखाले गेला अन् ही लाइन मले देऊन गेला. लोकं मलेही बहादूरच म्हनू लागले. माहं नाव टेकराज हाये."

गुरखे असंच करतात म्हणे. परत जाताना आपली ओळ गावाकडच्या माणसाला सोपवून जातात. तीच शिट्टी, तोच खाकी ड्रेस. आम्ही अख्ख्या गावानं दोन माणसांचा एकच माणूस करून टाकला होता.

"अरे मंग सांगतलं काऊन नाही बे इतके दिवस?" सलीमभाई ओरडला.

"कोनं पुसलंच नाही, शेठ."

मॅडमनी कागद बाजूला सारले. "ज्यांना यांचं नाव माहीत नाही, त्यांची साक्ष मी काय म्हणून घेऊ? आणि घेतली तरी हे नेपाळचे नागरिक. इथे राहा, कामं करा, व्हिसा नको, काही नको. पण योजना यांना लागू नाही. माझ्या हातात असतं तर…" मला रागवायचं होतं, पण कुणावर तेच समजेना. रात्रभर जागून आमची कुलपं सांभाळायला हा चालतो, आणि दवाखान्यात मात्र परदेशी!

परतताना ऑटोत मी टेकराजला विचारलं, "बैलबाजारात मी हरवलो होतो, तेव्हा खांद्यावरून घरी आणलं ते?"

"तो पयला होता, भाऊ. मी नव्हतो." आणि माझी माफी मागितली त्यानं. माफी!

ओळीतल्या दुकानदारांनी पैसे जमवले, पण ते औषधाला आणि प्रवासालाच पुरणारे. शेवटी मायानं ठरवलं, नेपाळला नेते, तिकडे तरी आपलं सरकार आहे. तिचं निम्मं आयुष्य वडनेरात गेलेलं. गाडीत बसताना दुकानादुकानाची नावं घेऊन सांगत होती, यायले रामराम सांगजा, त्यायले रामराम सांगजा. मी त्याच दिवशी पुण्याला आलो. प्रवास सुखाचा झाला, असं लिहायची रीत आहे. ते मी लिहिणार नाही.

थोड्या दिवसांनी सलीमभाईचा फोन. टेकराज सरहद्दीच्या अलीकडेच, बसची वाट पाहताना गेला. माया एकटीच पोचली. तिकडच्या कचेरीत मृत्यूची नोंद करायची तर विचारतात, हा इतकी वर्षं होता कुठं, तिथला दाखला आणा.

"मंग ग्रामसेवकाकडे गेलतो," सलीमभाई म्हणाला. "लगेच देल्ला. मयत टेकराज, वडनेर भोलजीचा रहिवासी होता. सही, शिक्का, सगळं."

"आता कसा दिला?"

"मीही तेच पुसलं. म्हने, मेलेल्या मानसाले योजना कुठं लागते?"