बाबांच्या एक्स-रेतलं चक्र

मला राग आला की आधी हात उठतो, मग डोकं चालतं. त्या दिवशीही तेच झालं.

बाबांच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग निघाला, रुपयाएवढा. डॉक्टर म्हणाले, "यांना तिशीत टीबी झाला होता ना? तेव्हाची फिल्म आणा. डाग जुनाच असेल तर व्रण समजून थांबू. नसेल तर सुई घालून तुकडा काढायचा, आणि कॅन्सर निघाला तर ऑपरेशन."

हिमायतनगरच्या दवाखान्यातून नारायणगुड्याला घरी गाडी अशी हाणली की मागं बसलेले बाबा दोनदा ओरडले. आल्याआल्या पलंगाखालची पेटी उपडी केली. फिल्म सापडली. निळ्या रंगानं माखलेली, आणि उजव्या फुप्फुसाच्या जागी अशोकचक्र कापलेलं. दर जयंतीला आमच्या बस्तीतल्या भिंती धाकटा भाऊ रंगवतो. एक्स-रेची फिल्म भिजत नाही, फाटत नाही, म्हणून साचा तिचाच.

"बापाचं फुप्फुस कापलंस रे भाडखाऊ," म्हणत मी दारात उभ्या भावाच्या तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला, पुढचा दात फरशीवर पडला. त्यानं पेटीचं झाकण माझ्या कपाळात घातलं. बाबा मधे पडले आणि माझं कोपर त्यांच्याच छातीत बसलं. ते खोकत खाली बसले, तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

फिल्म गेली म्हणून सुई घालावीच लागली. बरगड्यांमधून ती शिरली तेव्हा दाराबाहेर बाबांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आम्ही भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो.

कॅन्सरच निघाला. लहान होता, कुठं पसरलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जुन्या व्रणावरच उगवलाय. फिल्मवर तो व्रण दिसला असता तर खरं सांगतो, मी सहा महिने थांबलो असतो. आता कापून निघेल."

बाबा ऑपरेशनच्या कागदावर सही करेनात. "कापायला मी तयार हाय," ते म्हणाले. "पण आधी ह्या दोघांना एकमेकांशी बोलू द्या."

माझी मान वर होईना. माफी मागायची मला उभ्या जन्मात सवय नाही. मी भावाला म्हणालो, "चल, सुलतान बाजारात दात बसवून आणू."

"नक्को," तो म्हणाला. ओठाला टाके होते, शब्द फुसकन निसटत होते. "बाबांचं ऑपरेशन होईपर्यंत राहू दे असाच. तुला दिसत राहील."

बाबांनी पेन मागितलं.