पाहुण्यांपुरतं गोड पाणी

आमचा शेवंतीचा मळा पातूरला आहे. मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोड. वच्छलाआत्या त्याच पाण्यावर वाढली. तिचं लग्न अकोल्यात ठरत होतं तेव्हा आजोबांच्या कानावर आलं होतं की मुलाची वस्ती शहराच्या उत्तर टोकाला, खारपाणपट्ट्याला लागून आहे. तिकडे जमिनीत कुठंही खणा, खारंच पाणी लागतं. म्हणून घर पाहायला गेल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. तांब्याभर पिऊन मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाणी तं आपल्यासारखंच हाये." तिथंच सुपारी फुटली.

लग्नानंतर आत्यानं पहिल्यांदा वरण केलं तेव्हा तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर होती. दाणे खाली आणि पिवळं पाणी वर. सासू पार्वताबाई चार बायांसमोर म्हणाली, "पातूरच्या पोट्टीले साधं वरण येत नाही." आत्यानं हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. जिभेवर मीठ आलं.

"आत्याबाई, पाहुणे आले तवा तं पाणी गोड व्हतं?" तिनं सासूला विचारलं.

"ते पाहुण्यांपुरतं आणलं व्हतं वं," सासू म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. वस्तीतली प्रत्येक सून अशीच आली होती.

आत्या माहेरी येऊन रडली. आजोबा म्हणाले, पोरगा चांगला आहे, निर्व्यसनी आहे, पाण्यावरून काय घर मोडतात? ती परत गेली. डाळीत सोडा टाकायला शिकली. साबणाला फेस येत नाही म्हणून कपडे दगडावर आपटून धुवायला शिकली. माझ्या आठवणीतला तिचा शेपटा कमरेखाली होता. त्या पाण्यानं केसांचं नारळाच्या शेंडीसारखं झालं, मग तिनं स्वतःच विळीवर कापले.

मामाजी म्हणजे तिचे नवरे महादेवराव. खरंच चांगला माणूस. पहाटे हर्राशीतून, म्हणजे लिलावातून, भाजी आणायचे आणि दोघं बाजारात ओट्यावर बसून विकायची. घरात मोठ्यानं बोलणं नाही. मुलाच्या, सागरच्या, जन्मानंतर आत्या रडायची थांबली.

पुढे वस्ती शहराच्या हद्दीत गेली आणि नळ आले. ज्या दिवशी पहिल्यांदा नळाला धार लागली त्या दिवशी आत्यानं तोटीला हळदकुंकू वाहिलं. पण धरणाचं पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं. एरवी टाकीत बोअरचंच पाणी चढवायचे आणि तेच नळातून सोडायचे. ते पिण्याचं नाही, असं वस्तीत कोणी येऊन सांगितलं नाही. तोट्यांवर पांढरा थर बसायचा, माठ बाहेरून मिठानं फुलायचा. फिल्टर बसवला तर तो दोन पावसाळे टिकला नाही.

मामाजींना मुतखडे झाले. काढले, पुन्हा झाले. मग पायांवर सूज यायला लागली आणि एक दिवस डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. आत्यानं विचारलं, "पान्यानं झालं काय, डॉक्टरसाहेब?" ते म्हणाले, "तसं ठामपणे सांगता येत नाही. पण पाणी बदला." तेव्हापासून घरात विकतच्या शुद्ध पाण्याची कॅन येऊ लागली, फक्त मामाजींसाठी. आत्या नळाचंच प्यायची.

सागर तोवर दुचाकीच्या शोरूममध्ये लागला होता. पोरगा दिसायला बरा, कमावता, पण मुली मिळेनात. स्थळ यायचं, वस्तीचं नाव ऐकायचं आणि फोन उचलणं बंद करायचं. त्या वस्तीत तिशी उलटलेली लग्नाची पोरं घरोघर होती. शेवटी नांदगाव खंडेश्वरच्या पुंजाराम नावाच्या माणसानं, त्याचा भाजीचा मळा, होकार दिला. तो मुलीला, दामिनीला, घेऊन घर पाहायला येणार होता.

मी मदतीला म्हणून गेले होते. सागरनं सगळी तयारी स्वतः केली. तोट्या ॲसिडनं घासल्या. कॅनमधलं पाणी नव्या माठात ओतलं. मग बापाच्या हातातली बनियन काढून घेत म्हणाला, "बाबा, फुल बाह्यांचा सदरा घाला." डायलिसिसच्या सुया टोचून मामाजींच्या हातावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. त्यांनी मुकाट्यानं सदरा घातला आणि बटन लावायला हात आत्यापुढे केला.

पाहुणे आले. पुंजारामनं पाणी पिऊन मान डोलावली, अगदी आजोबांसारखी. आत्या ते दारातून पाहत होती. ती वळून स्वयंपाकघरात आली, मागोमाग दामिनी. पोरगी बारीक चणीची, बोलकी. ओट्याला टेकून म्हणाली, "काकू, एक विचारू का? लोक म्हणतात इकडं पानी लय खारं हाये. खरं हाये काय?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पेला घेतला, नळाखाली धरला, भरला आणि तिच्या हातात दिला. "तूच पिऊन पाह्य."

दामिनीनं घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"बाहेर दिलं ते कॅनचं हाये," आत्या म्हणाली. "तुया सासऱ्याचा हात सदऱ्याखाली हाये, तो बी पाहून घे. पोट्टा माया चांगला हाये. पण हे सारं पाहूनच हो म्हन."

दामिनीनं पेला ओट्यावर ठेवला. बाहेर जाऊन पोहे खाल्ले, आत्याच्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी पुंजारामचा सागरला फोन आला. स्थळ मोडल्याचं सांगून तो म्हणाला, "तुया मायचे उपकार हायेत आमच्यावर."

सागर घरी आला तेव्हा आम्ही भाजी निवडत होतो. त्यानं टोपलं लाथेनं उडवलं.

"कावून केलं वं तू असं? माया संसार नको व्हता तुले?"

"मले फसवून आणलं सागर. तिले बी तसंच आणू?"

"तुले फसवलं नसतं तं मी असतो काय?" तो ओरडला. "म्हंजे मी बी नको व्हतो तुले!"

आत्या सांडलेली भाजी गोळा करू लागली. मामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "वच्छला, तुया बाप आला तवाचं पानी मीच आणलं व्हतं. सायकलले हंडा-गुंड बांधून, शहरातून. तू इतकी वर्षं मनात धरून व्हती काय?"

"धरून नव्हती," आत्या म्हणाली. पण ते खोटं आहे हे त्यांनाही कळलं, मलाही.

त्यानंतर मामाजींनी कॅनच्या पाण्याला हात लावला नाही. डॉक्टरांनी जेवढं पाणी ठरवून दिलं होतं तेवढंच प्यायचे, पण नळाचं. आत्यानं हातापाया पडून पाहिलं. ते एवढंच म्हणायचे, "माह्या घरचं पानी हाये. तू पेतेस ना?" त्या हिवाळ्यात ते गेले. त्या पाण्यानंच गेले असं कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. आत्याला मात्र कोणी लिहून द्यायची गरज नव्हती.

सागर तेरवी करून पुण्याला गेला. तिथंच लग्न केलं. आत्याला फोटो माझ्या मोबाइलवर दिसले. तिनं सुनेचा चेहरा बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "नाव काय वं हिचं?" मलाही माहीत नव्हतं.

वस्तीनं तिला वाळीत टाकलं नाही, पण गोष्ट पसरली होती. जिथं लग्नाचा मुलगा होता तिथं आत्याची भीती बसली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे होते. दुपारी शेजारची सुभद्रा दारात आली. खांद्यावर भरलेली कॅन होती, ती उंबऱ्यात ठेवली.

"वच्छलाबाई, ही तुमच्यासाठी. आज आमच्याकडं पाहुणे हायेत. पोरीची माय तुमच्या दारावरूनच येईन." ती माझ्याकडे पाहून कसनुसं हसली. "तेवढं दार लावून घेसाल काय?"

मला वाटलं आत्या आता काहीतरी बोलेल. ती उठली. कॅन दोन्ही हातांनी ओढत आत घेतली आणि दार लावून कडी घातली.

"आत्या?"

"काय करू मंजू," ती म्हणाली. "एका पोरीले वाचवलं. त्यात दोन माणसं गेली माही."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बांगड्या, चपला, सुभद्राचं गोड बोलणं. आम्ही बंद दाराआड मेथी निवडत बसलो. खूप वेळानं शेजारून हसण्याचा मोठा आवाज आला.

आत्याचे हात थांबले.

"पसंत पडलं वाटते," ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.