काकांचं त्रैराशिक

त्रैराशिकात न बसणारी एकही गोष्ट या जगात नाही, अशी माझ्या मावशीच्या यजमानांची ठाम समजूत आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. रेवदंड्याला त्यांचं घर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. पाहुणा ओटीवर टेकतो न टेकतो तोच खडूने फरशीवर दोन रकाने पडतात. "चौघांना दोन वाट्या पोहे, तर सहा जणांना किती?" उत्तर आल्याशिवाय पोहे भिजत नाहीत. एकदा मावशीवर रुसून त्यांनी हिशेब मांडला, "ही दोन दिवसांत चारदा ओरडली, म्हणजे आठवड्याला चौदा वेळा." मावशी आतून म्हणाली, "पंधरावं आत्ताच ऐकायचंय का?"

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र खरोखरीचं गणित समोर आलं. परसातला माड बुंध्याशी पोकळ झाला होता. माड उतरवणारा बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "काका, मी काय वर चढनार न्हाय. उभाच पाडायला लागंल." पाडायला दिशा एकच, आणि त्या दिशेला आमच्या शेजारीण आपांचं नवं कोरं स्वयंपाकघर. त्यांच्या मुलाने दुबईहून पैसे पाठवून बांधलेलं.

काकांनी उन्हात तीन फुटांची काठी उभी धरली. सावली दोन फूट. माडाची सावली मोजली, तीस फूट. खडूने रकाने पडले. "दोनाला तीन, तर तिसाला पंचेचाळीस. भिंत अठ्ठेचाळीस फुटांवर आहे. पाडा!"

"तीन फुटांच्या भरवशावर?" मावशी ओरडली.

आपा एवढंच म्हणाल्या, "भाई, तुमी सांगता तर पाडा."

या एका वाक्याने काकांचा चेहरा उतरला. ते आपांच्या घरात गेले आणि त्यांची भांडीकुंडी एकेक करून बाहेर आणू लागले. मी विचारलं, "काका, गणितावर विश्वास नाही का?"

"गणितावर आहे रे," ते हळूच म्हणाले. "पण सावलीत झावळ्या हलत होत्या."

माड पडला. जमीन हादरली. धूळ खाली बसली तेव्हा शेवटच्या झावळीचं टोक भिंतीपासून वीतभर अलीकडे होतं. आपांनी छातीवर हात ठेवून "या अल्लाह" म्हटलं आणि पातेली आत न्यायला घेतली. तीन फुटांची वीत कशी झाली, हे कुणीच काढलं नाही.

काका शेंड्याजवळ जाऊन बसले. त्यांच्या लग्नाच्या वर्षी लावलेला माड तो. इतकी वर्षं त्यांनी हा शेंडा मान वर करूनच पाहिला होता. त्यांनी कोवळ्या पांढुरक्या कोंबावरून हात फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मावशी पदराला हात पुसत येऊन शेजारी बसली.

"किती उंच गेला होता नाही?" ती म्हणाली.

काकांनी आकडा सांगितला नाही.